घोड्यावरून पडल्यावर पुन्हा मांड कशी बसेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताईंचं वय ४३, सोलापुरात बँकेत नोकरी. कॉलेजात असताना घोडेस्वारी शिकल्या होत्या, पुढे लग्न, बदल्या, मुलं यांत ती सुटली. गेल्या वर्षी पुन्हा सुरू केली. विजापूर रोडच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर फेरी मारताना फाटका फ्लेक्स वाऱ्यानं फडफडला, घोडा बुजून बाजूला उडाला, ताई पडल्या आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, डॉक्टरांनी परवानगी दिली, पण आता रिकिबीत पाय टाकला की पोटात गोळा येतो. शिकवणारे म्हणतात, "परत बसा, बसल्याशिवाय भीती जात नाही." घरचे म्हणतात, "हे काय वय आहे का?" बसावं की सोडावं, आणि अकलूजच्या बाजारातून स्वतःचा एखादा शांत घोडा घेतला तर सोपं जाईल का, असं त्या विचारतात.

ताई, सोडू नका. पण लगेच बसूही नका, आणि घोडा तर आत्ता अजिबात घेऊ नका.

"पडलास तर लगेच बस" हा सल्ला बारा वर्षांच्या पोराला लागू पडतो. ते पडतं, माती झटकतं, पुन्हा चढतं. त्याला घराचा हप्ता भरायचा नसतो, आणि मनगट मोडलं तर डबा कोण करणार हा विचार त्याच्या डोक्यात येत नाही. मोठ्या माणसाची भीती हिशेबी असते. "हा पुन्हा बुजला तर मी काय करायचं?" असं तुमचं डोकं विचारतंय आणि त्याला उत्तर मिळत नाही, म्हणून ते तुम्हाला वर चढू देत नाही. माझ्या मते ते बरोबरच करतंय. उत्तर नसताना दहा वेळा बसलात तर दहा वेळा घाबरण्याचा सराव होईल, बाकी काही नाही.

मी घोडेस्वारी शिकवतो, आणि पडल्यावर माझ्याकडे परत शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसांत हिंमत नसलेलं माणूस क्वचितच असतं. हिंमत नसती तर ती मैदानापर्यंत आलीच नसती. त्यांच्याकडे नसतं ते एवढंच: हा घोडा मला हवा तेव्हा थांबवता येईल, आणि थांबला नाहीच तर मला उतरता येईल, ही खात्री. म्हणून माझं सगळं शिकवणं घोडा थांबवण्यापासून सुरू होतं. पळवणं त्याच्या बरंच नंतर येतं.

आधी तुमच्या पडण्याकडे बघू. तुम्ही लिहिलंय की घोडा उडाला तेव्हा गुडघे आवळले, पुढे वाकले आणि दोन्ही लगाम ओढले. सगळेच हेच करतात. घाबरलं की माणूस पोटाशी आवळून घेतो, शरीराची ती रीतच आहे. पण घोड्यावर त्याचा परिणाम उलटा होतो. गुडघे आवळले की बूड खोगिरातून वर उचललं जातं. पुढे वाकलं की तोल घोड्याच्या खांद्यावर जातो, आणि खांदा बाजूला सरकला की खाली फक्त हवा उरते. दोन्ही लगाम एकदम ओढले की घोडा मान वर करून त्या ओढीवर रेटतो किंवा जागेवर थयथयतो. मग पडताना तुम्ही हात पुढे टेकला आणि मनगट गेलं. यातली प्रत्येक गोष्ट सरावानं बदलते, फक्त तो सराव उडणाऱ्या घोड्यावर बसून होत नाही.

दुसरी चौकशी घोड्याची करा. हा घोडेस्वारीच्या शाळेत यायच्या आधी काय करत होता? आपल्याकडे भाड्यानं फिरणारे आणि शिकवायला ठेवलेले बरेच घोडे वरातीतून आलेले असतात. वरातीच्या घोड्याला हलगी वाजली आणि लगाम ओढला की पाय उचलून नाचायचं, हे शिकवलेलं असतं. त्याच्यावर घाबरलेलं माणूस बसलं की ते लगाम ओढतं. घोड्याला वाटतं, नाचायला सांगतायत. तो नाचतो, माणूस आणखी ओढतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि शेवट जमिनीवर. असा घोडा वाईट नसतो, पण तुमच्या आत्ताच्या कामाचा नाही. त्याच्या तोंडात काटेरी लगाम दिसला तर त्या जागी शिकूच नका. अशा लगामाला प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांपासून बंदी आहे, तरी तो सर्रास दिसतो.

रिंगणातल्या घोड्यांबद्दलही लोक मला हमखास विचारतात. पुरंदावड्याला माउलींचा अश्व एवढ्या गर्दीतून, टाळ-मृदंगाच्या गजरात दौडतो, मग आपलाच घोडा एका फ्लेक्सला का बुजतो? घोडा ज्याला सरावलेला आहे त्याला तो भीत नाही, एवढंच त्याचं उत्तर. गर्दीला आणि गजराला सरावलेला घोडा उकिरड्यावरच्या प्लास्टिकच्या पिशवीला बुजू शकतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटामागचं सोडलं तर त्याला चौफेर दिसतं. मागून बाजूनं काही हललं की आधी पळायचं आणि मग बघायचं, यावरच त्याची जात टिकली आहे.

आता जमिनीवरचं काम. पहिले तीन-चार आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्धा-पाऊण तास एवढंच करा. शिकवणाऱ्यांना स्पष्ट सांगा की मला आज बसायचं नाही. त्यांनी तोंड वाकडं केलं तर करू द्या.

घोड्याकडे जाताना समोरून किंवा मागून नको. खांद्याच्या बाजूनं, बोलत जा. खरारा स्वतः करा. यात नुसती स्वच्छता नाही. कुठे हात लावला की कातडी थरथरते, कुठे खाजवलं की ओठ लांब करतो, कोणत्या बाजूनं गेलं की कान मागे जातात, हे हाताला कळतं. ज्या घोड्याच्या अंगाची ओळख झाली त्याची निम्मी भीती तिथेच कमी होते. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही. जास्तीचा दोर घड्या घालून मुठीत धरायचा. गुंडाळलेल्या दोरात बोटं अडकून माणसं फरफटत गेलेली आहेत.

मग चालवणं. म्होरकीचा दोर धरून घोड्याच्या मानेशेजारी उभं राहायचं, पुढे नाही आणि मागेही नाही. चालायचं, दहा पावलांवर थांबायचं. थांबताना आधी श्वास सोडा, खांदे खाली येऊ द्या, मग पाय थांबवा. सुरुवातीला घोडा दोन पावलं पुढे जाईल. दोर हळूच आवळा आणि थांबू द्या. इथे बारकाईनं बघा. थांबण्याआधी घोड्याच्या छातीचा भार मागे सरकतो, पुढचे पाय सरळ होतात. त्याच क्षणी दोर सैल सोडायचा. तो पुरता थांबून तुमच्याकडे बघेपर्यंत वाट पाहिलीत तर उशीर झाला. घोडा दाबानं शिकत नाही, दाब सुटण्यानं शिकतो. साखर, गूळ, पाठीवर थाप हे सगळं नंतरचं, त्याच्यासाठी खरं बक्षीस म्हणजे सुटलेला दोर. हे एकदा जमलं की चौथ्या-पाचव्या वेळी तुम्ही नुसता श्वास सोडता आणि तो थांबतो. माझ्याकडे शिकणारी माणसं पहिल्यांदा हसतात ती बहुतेक इथेच.

पुढे त्याला तीन-चार पावलं मागे न्यायला शिका. त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचं, मागचे पाय बाजूला सरकवणं. बरगडीशेजारी उभं राहा, त्याचं तोंड दोरानं किंचित आपल्याकडे वळवा आणि जिथे बसल्यावर तुमची टाच लागते तिथे बोटांनी दाबा. झटका नको. दाबा आणि थांबा. मागचा पाय पोटाखालून दुसऱ्या पायापुढे गेला की बोटं उचला. घोड्याचा सगळा जोर मागच्या पायांत असतो. ते एकमेकांपुढे गेले की क्लच दाबल्यासारखं होतं, ताकद असते पण पुढे जात नाही. दोन्ही बाजूंनी हे सहज यायला लागलं की तुमच्या "बुजला तर काय करू" या प्रश्नाचं निम्मं उत्तर हातात आलं.

आणि हो, फ्लेक्स. तोच आणा, किंवा तसाच एखादा जुना. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स सोलापुरात मागायचीही गरज नाही, चौकात पडलेले असतात. दुसऱ्या कुणालातरी तो जमिनीवरून ओढत घोड्यापासून लांब न्यायला सांगा आणि तुम्ही घोडा घेऊन त्याच्या मागे चाला, पंधरा-वीस पावलांचं अंतर ठेवून. फ्लेक्स अंगावर येत नाही, पळून जातोय, हे दिसलं की घोडा कुतूहलानं मान खाली घालून मागे जायला लागतो. जवळ जाऊ द्या, लांब घ्या, पुन्हा जवळ. मान वर, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, शेपूट आवळलंय, श्वास धरलाय असं दिसलं तर अंतर वाढवा. मान खाली आली, फुरफुरला, ओठ चाटले, मागचा एक पाय सैल टेकवला तर ठीक चाललंय. काठीनं हाणून फ्लेक्सवर चढवणारे उस्ताद आहेत. तो घोडा फ्लेक्सवर चढेलही, पण पुढच्या वेळी फ्लेक्स आणि काठी दोघांना भिईल.

यात घोड्याइतक्याच तुम्हीही शिकता. २००९ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. माणसांना घोडा धरून किंवा घोड्यावर बसून ठरलेल्या अंतरावरून चार वेळा जायला लावलं आणि चौथ्या फेरीला शेजारी छत्री उघडली जाईल असं सांगितलं. छत्री उघडलीच नाही. तरी त्या फेरीला माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही. म्हणजे "मी घाबरले नाही" असं चेहऱ्यानं दाखवून उपयोग नाही, घोड्याला ते समजतं. पण उलटही खरं आहे. तोच फ्लेक्स तुम्ही पंचवीस वेळा जमिनीवरून पार केला असेल तर वर बसल्यावर तुमचंच अंग तो येताना आवळत नाही.

आता बसणं. जमिनीवरून लटकत चढू नका. चढायला पेटी किंवा ओटा घ्या. त्यानं खोगीर तिरकं होत नाही, घोड्याच्या पाठीला हिसका बसत नाही आणि आपल्या कमरेलाही बरं. तंग स्वतः तपासा. काही घोडे तंग आवळताना पोट फुगवतात, म्हणून थोडं चालवून पुन्हा तपासा. पहिल्या दिवशी कुणीतरी घोडा धरलेला असताना बसा, तीन श्वास घ्या, उतरा. पुन्हा बसा, उतरा. झालं, घरी जा. "एवढ्यासाठी एवढ्या लांब आले?" असं वाटेल. वाटू द्या. पोटात गोळा येण्याच्या आधी उतरायचं आहे. आल्यावर उतरलात तर अंग एवढंच शिकतं की गोळा आला की सुटका होते.

त्यानंतर लंजिंग. शिकवणारे मध्ये उभे, लांब दोरावर घोडा मोठ्या गोलात कदम चालीनं चालतोय, लगाम तुमच्या हातात नाहीच. घोड्याच्या गळ्यात जुन्या रिकिबीचा पट्टा बांधून घ्या आणि तोल गेल्यासारखं वाटलं की तो धरा. घाबरल्यावर हाताला धरायला काहीतरी लागतंच, ते घोड्याचं तोंड नसावं एवढ्यासाठी हा पट्टा. हात पसरा, खांदे फिरवा, घोट्यातून पाय गोल फिरवा. श्वास अडकत असेल तर मोठ्यानं काहीतरी म्हणा. अभंग म्हणा, सिनेमाचं गाणं म्हणा. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई पाढे म्हणतात. सतराचा आठवावा लागतो, त्यामुळे घाबरायला सवड मिळत नाही. तोंडानं म्हणत असताना श्वास धरून ठेवता येत नाही, एवढंच त्यामागचं गुपित.

इथे जमिनीवरचंच सगळं वरून करायचं. दहा पावलं, श्वास सोडा, बूड खोगिरात जड करा, थांब. मग एका लगामानं मान हळूच गुडघ्याकडे वळवून, त्याच बाजूची टाच मागे लावून मागचे पाय सरकवा. बुजलेल्या घोड्याला थांबवण्याची ही युक्ती आहे, पण ती कदम चालीवर इतकी घोटा की हात न विचारता करेल. चौखूर उधळलेल्या घोड्याची मान एकदम अशी वळवली तर तो तोल जाऊन तुमच्यासकट पडू शकतो. ती पहिल्या दोन उड्यांत वापरायची चीज आहे, त्यानंतरची नाही. उधळलाच तर मागे बसून मोठा गोल घ्या आणि गोल लहान करत आणा.

आणीबाणीत उतरणंही शिकून घ्या. दोन्ही पाय रिकिबीतून काढायचे, हात मानेच्या बुडाशी, पुढे झुकून उजवा पाय मागून वळवायचा आणि ढकलून दूर, गुडघे वाकवून उतरायचं. आधी उभ्या घोड्यावरून, मग चालत्या. मनगटावर भार पडतो, म्हणून आधी फिजिओथेरपिस्टला विचारा. आणि पडायचीच वेळ आली तर हात टेकवायचा नाही. हात छातीशी घेऊन खांद्यावर लोळायचं. घरी जाड गादीवर सराव करा, मुलांना मजा येईल.

दुडकी कधी? कदम चालीवर सलग तीनदा, लगाम न ओढता, तुम्ही सांगाल तिथे घोडा थांबला की. तारीख बघून नाही. दुडकीत दोनच ठेके असतात. एका ठेक्याला उठायचं, दुसऱ्याला बसायचं, गळ्यातला पट्टा धरून. दहा-बारा ठेके आणि पुन्हा कदम. कँटरचं, म्हणजे दुडकीच्या वरच्या वेगाच्या चालीचं, आत्ता नावही काढू नका.

साहित्याचं थोडक्यात. हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं. मोटरसायकलचं जड असतं आणि त्यात ऐकू येत नाही. पडताना घातलेलं जुनं हेल्मेट फेकून द्या, आतलं थर्माकोल एकदा दबलं की दुसऱ्यांदा वाचवत नाही. बुटाला थोडी टाच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते बघा, तबेल्यात त्याचा धोका असतो. तुमच्या वयाला हाडांची घनता एकदा तपासलेली बरी. मनगट साध्या पडण्यात मोडलं असेल तर डॉक्टर बहुधा स्वतःच सांगतील.

जागा आणि वेळ यांवर मी जरा जास्तच कटकट करतो. त्या प्लॉटवरचा कडक मुरूम पडायला सिमेंटसारखाच. रेती टाकलेली किंवा नांगरून भुसभुशीत केलेली, कुंपण असलेली जागा शोधा. काळ्या मातीवर पाऊस पडला की सुट्टी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा सहाला सुरू करून आठच्या आत घोडा सावलीत हवा. सोसाट्याच्या वाऱ्याच्या दिवशी भले घोडेही बिथरलेले असतात, त्या दिवशी नुसता खरारा करा. दिवाळीत आणि गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम असतं त्या संध्याकाळी बसणं नको. मिरवणुकांचं काय सांगू, आपल्या गावात डॉल्बीला मोसम लागत नाही. रस्त्याकडेची फेरी यंदा नकोच.

आता अकलूज. दिवाळीच्या सुमारास भरणारा तो घोडेबाजार जरूर बघा, डोळ्यांचं पारणं फिटतं. पण खिशात पैसे ठेवून जाऊ नका. बाजारात दाखवतात ते रेवाल चाल आणि नाच. तुम्हाला हवं ते, म्हणजे फ्लेक्सशेजारी अर्धा तास कंटाळून उभं राहणं, कुणी दाखवत नाही. शिवाय लांबून आलेला, दमलेला, अर्धपोटी घोडा शांतच दिसतो. घरी आणून दाणापाणी सुरू झालं की पंधरवड्यानं त्याचा खरा स्वभाव कळतो. आणि बाजारात उमदे दिसतात ते बहुतेक तरणे, खच्ची न केलेले घोडे. शेजारून घोडी गेली की त्यांचं तुमच्याकडे लक्ष नसतं.

पुढे कधी घेतलाच तर बारा-पंधरा वर्षांचा, खच्ची केलेला घोडा किंवा वयस्क घोडी घ्या. आपल्याच भागातली भीमथडी जात मला यासाठी आवडते. उंचीला बेताची, धनगरांच्या तळाबरोबर ओझं घेऊन रस्त्यानं चाललेली, त्यामुळे कुत्री, ट्रक, पोरं यांना सरावलेली. अलीकडे तिला स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यताही मिळाली आहे. फक्त वजनाचं गणित बघा. खोगिरासकट स्वार घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे तीनशे किलोच्या घोड्यावर साठ किलो. ग्लँडर्सच्या तपासणीचा कागद मागा. तो रोग माणसालाही होतो, आणि घोड्यांचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात, तेव्हा "आमचा घोडा ठणठणीत आहे" या बोलण्याला कागदाची सर नाही. तोवर शाळेतल्याच एका घोड्याचा महिन्याच्या खर्चात अर्धा वाटा उचला. खरेदीपेक्षा स्वस्त पडतं आणि नाही जमलं तर सोडता येतं.

किती दिवस लागतील? असं काम करणाऱ्यांना दुडकीपर्यंत यायला साधारण चार-सहा महिने लागलेले मी पाहिले आहेत, काहींना वर्ष. मधेच एखाद्या दिवशी विनाकारण पुन्हा पोटात गोळा येतो. त्या दिवशी एक पायरी खाली, जमिनीवर या. आणि काही माणसांना जमिनीवरचं कामच इतकं भावतं की त्यांना वर बसावंसं वाटतच नाही. तसं झालं तर तेही घोडेस्वारीचंच काम आहे, घरच्यांना काय सांगायचं ते तुम्ही बघा.

शिकवणारे बदलावेत का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मी असतो तर येत्या रविवारी त्यांना तीन गोष्टी विचारल्या असत्या. हा घोडा आधी कुठे होता? मला महिनाभर नुसतं जमिनीवर काम करू द्याल का? आणि तुम्ही दुसऱ्याला शिकवताना मी कडेला बसून बघू का? तिसऱ्याला नाही म्हणाले तर दुसरी जागा शोधा. होय म्हणाले तर तासभर बसा आणि घोडा ऐकत नाही तेव्हा त्यांचा हात कुठे जातो ते बघा, दोराकडे की चाबकाकडे.